वर पालवी, खाली काहीच नाही: तुतीच्या रोपवाटिकेतलं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाचं आहे. गाव, गट आणि शेतकरी ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. गटाला तांत्रिक मदत करण्याच्या निमित्ताने माझं तिथे जाणं-येणं होतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या. बाकीच्या गटातल्या बायांनी सांगितल्या. छाट कलमाची, म्हणजे फांदीचा तुकडा लावून रोपं करायची, रोपवाटिका करणाऱ्या कुणालाही, मग ती तुतीची असो, डाळिंबाची असो की मोगऱ्याची, यातला मधला भाग उपयोगी पडेल.

पार्श्वभूमी

गाव कापूस, तूर, सोयाबीनचं. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडे, रेशीम म्हटलं की ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा टसर आठवतो. इकडे पश्चिमेला मात्र तुतीवरचं रेशीम वाढतं आहे. मनरेगातून तुती लागवड होते, रेशीम संचालनालयही नागपूरलाच आहे, त्यामुळे माहिती गावापर्यंत पोचते. लागवड करायची तर रोपं लागतात आणि ती दरवर्षी कमीच पडतात. गटाने इथेच संधी पाहिली.

आसपासच्या दोन शेतकऱ्यांनी एकेक एकराची रोपं गटाकडून घ्यायचं ठरवलं आणि इसार दिला. ५ × ३ × २ फुटांच्या जोडओळ पद्धतीत, म्हणजे जोडीतल्या दोन ओळींत तीन फूट, दोन जोड्यांमध्ये पाच फूट आणि झाडांमध्ये दोन फूट, एकरी ५,४४५ झाडं बसतात. दोन एकरांची मिळून जवळपास अकरा हजार. मरतूक धरून गटाने तेरा हजार पिशव्या भरायचं ठरवलं. जात व्ही-१, म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संस्थेत तयार झालेली. मोठं पान, भरपूर पाला, आणि काडीपासून सहज लागणारी म्हणून नावाजलेली.

या ‘सहज’वर सगळ्यांचा भरवसा होता. गावाकडे काडी खोचली की लागणाऱ्या झाडांची कमी नाही. नाल्याकाठची बेशरम तोडून फेकली तरी जिथे पडेल तिथे उगवते. शेवग्याची फांदी, जास्वंद, बोगनवेल ही तर घरोघरची. तुती त्यातलीच, असं गटाने धरलं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

मृगाच्या पावसावर लागवड करायची तर रोप तीन-साडेतीन महिन्यांचं हवं. म्हणून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काड्या लावून झाल्या. काड्या, म्हणजे तुतीचं बेणं, शेजारच्या तालुक्यातल्या एका रेशीम शेतकऱ्याकडून आणलं. त्याची बॅच, म्हणजे अळ्या वाढवून कोष काढायची एक फेरी, नुकतीच संपली होती, छाटणी करायचीच होती. फांद्या फुकट मिळाल्या, फक्त गाडीभाडं लागलं.

अडचण

गुढीपाडव्याच्या सुमारास वाफे हिरवेगार दिसत होते. आठ-दहा दिवसांतच डोळे फुगले होते, मग पानं सुटली, काही काड्यांना पाच-सहा पानं आली. गटाच्या अध्यक्ष, ज्यांना गावात सगळे काकू म्हणतात, त्यांनी रोपवाटिकेचे फोटो तालुक्याच्या बैठकीत दाखवले. आणखी एका शेतकऱ्याने चौकशी केली.

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला आणि वारं तापलं. एका दुपारी एका ओळीची पानं लोंबली. संध्याकाळी पाणी दिलं, सकाळी उभी राहिली, दुपारी पुन्हा मान टाकली. मग दुसरी ओळ, तिसरी ओळ. उन्हाने सुकतात म्हणून पाणी दोन वेळचं तीन वेळ केलं. सुकणं थांबलं नाही, उलट वाढलं.

काकूंनी एक वाळलेली काडी ओढली. ती विनासायास हातात आली. मातीतला भाग काळपट, साल बोटाने सरकत होती, वास आंबूस. मुळाचा धागासुद्धा नव्हता. दुसरी ओढली, तीच गत. “मुयाच नाई सुटल्या,” काकू म्हणाल्या, आणि मग शेजारच्या हिरव्या पिशव्यांकडे पाहून गप्प झाल्या.

पहिला निर्णय: हिरव्या पिशव्या उघडायच्या का

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच. सुकलेल्या पिशव्या उघडायला कुणाची हरकत नव्हती. त्यातून एवढंच कळलं असतं की मेलेली मेली आहेत. टवटवीत दिसणाऱ्या पिशव्यांच्या खाली काय आहे, हा खरा प्रश्न होता. आणि ते बघायचं म्हणजे पिशवी फाडायची, माती धुवायची, रोप हातचं घालवायचं.

“जगलेलं रोप कायले माराचं?” असं एका बाईने विचारलं, आणि बऱ्याच जणींना ते पटलं. शेवटी काकूंनी ठरवलं की प्रत्येक ओळीतून ठरावीक अंतरावरची पिशवी घ्यायची, मग ती हिरवी असो की सुकलेली. हाताला येईल ती नाही, डोळ्यांना वाईट दिसेल ती नाही. ओळीच्या टोकाला खडूने खूण करायची आणि पिशवीबरोबर ओळीचा नंबर लिहायचा.

घमेल्यातल्या पाण्यात माती सोडवून काड्या ओट्यावर मांडल्या. हिरव्या दिसणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त काड्यांना मूळ नव्हतं. काहींच्या तिरप्या कापावर पांढुरकी, खरखरीत गाठ आली होती. थोड्या काड्यांना मात्र पेऱ्याजवळून दोन-तीन इंचाची पांढरी मुळं होती, आणि ती बहुतेक एकाच बाजूच्या ओळींतली निघाली: कडुनिंबाच्या सावलीतल्या.

काडीच्या बुडाशी काय चालतं

गटाला हे समजावून सांगताना जे सांगितलं तेच इथे देतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

काडी कापली की तिला जखम होते. बुडाच्या कापलेल्या पेशी मरतात, त्यांच्यामागच्या जिवंत पेशी जखम बंद करू लागतात. त्याच वेळी वरचे डोळे आणि कोवळे शेंडे ऑक्सिन नावाचं संजीवक, म्हणजे वाढीचं संप्रेरक, तयार करत असतात. हे ऑक्सिन खोडातून एकाच दिशेने वाहतं, शेंड्याकडून बुडाकडे. अख्ख्या झाडात ते पुढे मुळांपर्यंत जातं. काडीत पुढे रस्ताच नसतो, त्यामुळे ते कापाजवळ साचतं. काडीत साठलेली साखरही तिकडे वळते. सालीच्या आतल्या बाजूला, लाकूड आणि साल यांच्या मधे, कॅम्बियम नावाचा पातळ थर असतो. नखाने साल खरवडली की जो ओलसर हिरवट पापुद्रा दिसतो, तो याच भागातला. तिथल्या आणि आसपासच्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून नव्याने विभागू लागतात. त्यातून मुळाचा अंकुर तयार होतो, तो काडीच्या रसवाहिन्यांना जोडला जातो आणि साल फोडून बाहेर पडतो. खोडातून आलेलं म्हणून त्याला आगंतुक मूळ म्हणतात.

काही झाडं याबाबतीत आधीच तयारीत असतात. तुतीच्या बऱ्याच जातींत पेऱ्याजवळ मुळांचे सूक्ष्म अंकुर काडी कापण्याआधीपासून झोपलेले असतात. तुती ‘सहज’ लागते ती यामुळे. पण झोपलेला अंकुर जागा व्हायलाही अन्न, हवा आणि बेताची ऊब लागतेच.

कापावरची ती पांढुरकी गाठ म्हणजे कॅलस. ती आली की मूळ येणारच, असं पुष्कळ रोपवाटिकावाले मानतात. कॅलस म्हणजे जखमेवर आलेला पेशींचा थर. मूळ आणि कॅलस शेजारी शेजारी तयार होऊ शकतात, पण एकाचं येणं म्हणजे दुसऱ्याची हमी नाही. गाठ मोठी आणि मूळ शून्य, अशा काड्या या गटात ढिगाने निघाल्या.

गोंधळ होतो तो वेळापत्रकामुळे. मार्चच्या उबेत डोळा आठ-दहा दिवसांत फुटतो. मुळं सुटायला तीन-चार आठवडे लागतात. मधल्या काळात पालवी जगते ती काडीत साठलेल्या अन्नावर आणि कापातून वर चढेल तेवढ्या पाण्यावर. कोवळं पान कमावतं कमी, खातं जास्त. घरात पगार सुरू होण्याआधी शिल्लक मोडून खर्च चालतो, तसं. शिल्लक मोठी असेल तर निभावतं. बारीक काडीत ती मुळातच थोडी असते, आणि उन्हाळी वाऱ्यात पानांतून उडणारं पाणी कापातून चढणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असतं.

कारणं शोधताना

संशय चार गोष्टींवर होता: काडी, माती, पाणी आणि ऊन.

काडीपासून सुरुवात केली. बेणं देणारा शेतकरी चांगला रेशीम उत्पादक होता, आणि गंमत म्हणजे अडचण तिथेच होती. वर्षाला रेशमाच्या चार-पाच बॅच घेणारा शेतकरी प्रत्येक बॅचनंतर तुती छाटतो. त्याच्या फांद्या दोन-अडीच महिन्यांच्या असतात, पाल्यासाठी उत्तम, बेण्यासाठी कोवळ्या. बेण्याची काडी सहा ते आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी सालीची, तीन-चार डोळ्यांची हवी. गटाला मिळालेल्या फांद्यांचा बुडखा ठीक होता, पण तेरा हजारांचा आकडा गाठायला शेंड्याकडचा हिरवट भागही तुकडे करून लावला गेला होता. शिवाय फांद्या ताडपत्रीखाली उघड्याच आल्या, एक रात्र अंगणात पडून राहिल्या. ओल्या पोत्यात गुंडाळल्या असत्या तर एवढं बाष्प गेलं नसतं.

माती तर समोरच दिसत होती. शिफारस माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागांची. त्या वर्षी रेतीचा ट्रॅक्टर परवडण्यापलीकडे गेला होता, म्हणून पिशव्यांत रेती नावालाच पडली. शेतातली काळी माती आणि उकिरड्यावरचं अर्धवट कुजलेलं खत, एवढंच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातली पोकळी बंद होते. पाण्याने भरलेल्या पोकळीतून प्राणवायू हवेच्या मानाने जवळपास दहा हजार पट सावकाश सरकतो. विभागणाऱ्या पेशींना श्वास लागतो, तो मिळाला नाही की अंकुर थांबतो आणि बुरशीला रान मोकळं होतं. वरून पिशवी कोरडी, तडकलेली दिसायची, म्हणून बाया झारी उचलायच्या. खाली बोटभर खोलीवर चिखल असायचा. सुकतं म्हणून पाणी, आणि पाण्यामुळे सुकणं, असा फेरा बसला होता.

काही ओळींत काड्या उलट्या खोचलेल्याही सापडल्या. लावताना घाई, काड्या बारीक, आणि वरचा-खालचा काप सारखाच. उलट्या काडीतही ऑक्सिन मूळच्या बुडाकडेच जातं, म्हणजे आता वर, हवेत. जमिनीतल्या टोकाला काही मिळत नाही. अशा काड्या थोड्याच होत्या, नुकसानीत त्यांचा वाटा लहान.

राहिलं ऊन. कडुनिंबाखालच्या ओळी चांगल्या निघाल्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं की सावली हेच उत्तर. इथे मी थोडा अडून बसलो. पिशव्या भरल्याची वही काढली तेव्हा दिसलं की निंबाखालच्या ओळी पहिल्या दिवशी लावल्या होत्या, ताज्या आणि जाड बुडख्याच्या काड्यांनी. बारीक काड्या आणि शिळ्या फांद्या नंतर, उघड्यावर गेल्या. म्हणजे सावली आणि चांगली काडी एकाच जागी आली होती. श्रेय कुणाचं, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. सावलीचा फायदा झाला नाही, असं नाही. एप्रिलच्या दुपारी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीला हात लावला तर चटका बसत होता. पण नुसतं शेडनेट घेऊन तीच कोवळी काडी पुन्हा लावली असती तर पैसे दुसऱ्यांदा गेले असते.

समोर असलेले पर्याय

एप्रिलच्या मध्याला गटाची बैठक झाली. काय काय पुढे आलं ते बोललं गेलं त्याच क्रमाने देतो.

काही जणींचं म्हणणं होतं की थांबू, मुळं सुटतील. जाड काड्यांच्या बाबतीत यात तथ्य होतं. बुड टणक आणि साल हिरवी असेल तर उशिरा का होईना मूळ येऊ शकतं. बुड काळं पडलेल्या काडीसाठी मात्र थांबणं म्हणजे नुसतं पाणी घालत राहणं.

एकीची मुलगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकते. तिने आयबीएचा पर्याय मांडला: पिशव्यांत संजीवकाचं पाणी ओतायचं. आयबीए म्हणजे ऑक्सिनचाच टिकाऊ भाऊ. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी त्याचा मुळं फुटण्यावरचा परिणाम दाखवला, आणि तेव्हापासून जगभर छाट कलमांना तेच लावलं जातं. पण ते काडी लावतानाच, कापलेल्या बुडाला लावायचं असतं. मुळाचा अंकुर धरण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिन मदत करतं, नंतर त्याचं प्रमाण चढं राहिलं तर तेच मुळाची वाढ रोखतं. महिनाभराने मातीत ओतून कुजलेल्या बुडाला काही होणार नव्हतं. काडीतला साठा संपला असेल तर तोही आयबीएने भरून निघत नाही. मुलीने हे स्वतःच पुस्तक पाहून मान्य केलं आणि पुढच्या खेपेच्या चाचणीत ते घेऊ असं सुचवलं.

सगळी पानं तोडून टाकू, म्हणजे पाणी उडणार नाही, ही काकूंची सूचना. अर्धी बरोबर. पूर्ण वाढलेलं पान साखर आणि डोळा ऑक्सिन पुरवतो. दोन्ही काढले तर मुळाला चालना देणारंच काही उरत नाही. मोठी पानं कात्रीने अर्धी करायची, शेंडा ठेवायचा, यावर तडजोड झाली.

बाहेरून तयार रोपं विकत आणून शेतकऱ्यांना द्यायची, हाही पर्याय होता. त्यात शब्द पाळला जात होता, पण गट तोट्यात जात होता, आणि एवढ्या उशिरा मिळणाऱ्या रोपांचा भरवसा नव्हता.

शेवटचा पर्याय कुणी मोठ्याने मांडला नाही, तरी खोलीत होता. हिरवी दिसतात ती रोपं मेअखेर देऊन टाकायची. जगली तर जगली. शेतात मेली तर दोष पावसाचा, उन्हाचा किंवा शेतकऱ्याच्या पाण्याचा. रोपवाटिकांच्या धंद्यात हे चालतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रत्यक्षात काय केलं

त्याच आठवड्यात सगळी काडी-काडी तपासली. हलक्या हाताने काडी वर ओढायची. मातीने धरून ठेवली तर मूळ आहे, सरकली तर नाही. सरकलेल्यांतल्या काळ्या बुडाच्या काड्या बाहेर काढून जाळल्या, टणक बुडाच्या एका बाजूला ठेवल्या. उरलेल्या पिशव्यांवर शेडनेटऐवजी तुराट्यांचा मांडव घातला, कारण तुराट्या प्रत्येकीच्या घरी होत्या. पिशव्यांना खालून जादा भोकं पाडली. पाणी सकाळी एकदाच, आणि तेही बोट खुपसून बघितल्यावर. बुरशीसाठी कुजलेल्या खतात मुरवलेला ट्रायकोडर्मा, म्हणजे अपायकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, वरून घातला. त्याचा किती उपयोग झाला हे वेगळं काढता येणार नाही.

अक्षय तृतीयेच्या आसपास पहिला शेतकरी रोपं बघायला आला. मांडवाखाली हिरवळ दिसली, तो खूश झाला.

“पालवी तं मस्त फुटली काकू. मंग अडलं कुठं?”

“पालवी वर हाये भाऊ. खाली पाह्य.” काकूंनी त्याच्यासमोर बाजूला ठेवलेल्यांतल्या दोन पिशव्या फाडल्या. एकीत मुळं होती, एकीत नव्हती. वरून दोन्ही सारख्याच. “याच्यातली कोणती देऊ तुले?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, जेवढी पक्की आहेत तेवढी द्या, बाकीची मागून द्या. दुसऱ्या शेतकऱ्याला फोन केला, तो चिडला. त्याने कीटक संगोपन शेडचं काम काढलं होतं, त्याला थांबणं परवडत नव्हतं. त्याचा इसार गटाने परत केला. हा निर्णय गटातही सगळ्यांना आवडला नाही, कारण त्या पैशांतून पिशव्या आणि मजुरी आधीच गेली होती. अंतर्गत कर्जातून रक्कम उचलावी लागली.

दरम्यान एक छोटी चाचणी लावली, सगळी मांडवाखालीच, म्हणजे सावलीचा प्रश्न बाजूला राहील. जुनी काडी मिळवायला शोधाशोध झाली. शेवटी एक शेतकरी सापडला ज्याने गेल्या हंगामापासून बॅच घेणं सोडलं होतं, त्याची तुती न छाटता वाढली होती. जाड जुन्या काड्या आणि कोवळ्या बारीक काड्या, दोन्ही प्रकार काळ्या मातीत आणि रेती-खत मिश्रणात लावले. कोवळ्या काड्यांच्या काही पिशव्यांना आयबीए दिलं. एक लिटरला एक ग्रॅम म्हणजे हजार पीपीएम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, कारण ते पाण्यात सरळ विरघळत नाही. बुड काही सेकंद बुडवून लगेच लावायचं. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरपा, वरचा काप आडवा सरळ, म्हणजे उलटी लागायचा प्रश्नच नको.

काय हाती आलं

पहिल्या खेपेतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रोपं वाचली. पहिल्या शेतकऱ्याचा एकरही त्यात पुरा झाला नाही. त्याने पावसाच्या सुरुवातीला ती लावली, आणि मुळांची खात्री केलेली असल्यामुळे शेतातली मर किरकोळ राहिली.

चाचणीत जुनी काडी आणि रेतीचं मिश्रण हे सरळ पुढे होतं. जुनी काडी काळ्या मातीत मधली राहिली, बरीच लागली पण बुडकुजही दिसली. कोवळी काडी चांगल्या मिश्रणातही मागे पडली. आयबीए दिलेल्या कोवळ्या काड्यांना मुळांची संख्या जास्त दिसली, पण त्यातल्याही पुष्कळ नंतर सुकल्या. चाचणी लहान होती, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत झाली, त्यामुळे तिच्यावरून टक्केवारी सांगत फिरू नये. गटाला निर्णयापुरतं तेवढं पुरलं: आधी काडी, मग माती, मग बाकीचं.

जूनअखेर, हवा गार आणि दमट झाल्यावर, दुसरी खेप गादीवाफ्यावर घेतली. पिशव्यांना फाटा दिला, कारण उंच वाफ्यातून पाणी निघून जातं आणि तेवढी रेती वाफ्याच्या वरच्या थराला पुरली. ही खेप चांगली लागली. पहिल्या शेतकऱ्याच्या उरलेल्या जागा सप्टेंबरअखेर त्यातून भरल्या. दुसरा शेतकरी परत आला नाही, मात्र मार्चमध्ये चौकशी करून गेलेला तिसरा आला. वर्षाचा हिशेब केला तर गट थोडा तोट्यात राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणी फार उशिरा झाली. तिसऱ्या आठवड्यात, पालवी जोरात असतानाच, थोड्या पिशव्या धुवून बघितल्या असत्या तर एप्रिलचं ऊन लागायच्या आत थोडे दिवस तरी हाती होते. गटाने आता पिशव्या भरतानाच काही जादा धरल्या आहेत, फाडण्यासाठी म्हणूनच, म्हणजे ‘जगलेलं रोप कायले माराचं’ हा वाद पुन्हा नको.

मार्चची वेळ चुकली असं मला वाटत नाही. मृगाच्या लागवडीसाठी दुसरा मुहूर्तच नाही. फेब्रुवारीच्या मध्याला लावून मुळांना उन्हाआधी पंधरवडा जास्त देता आला असता, एवढंच. आकड्यासाठी शेंड्याचे तुकडे लावण्यापेक्षा आठ हजार चांगल्या काड्या लावून एकाच एकराचा शब्द द्यायला हवा होता. इसार घेताना रोपं किती आणि कधी हे बोललं गेलं, रोप म्हणजे मुळं सुटलेलं रोप हे बोललं गेलं नाही. आता पावतीवर ते लिहितात, आणि देताना शेतकऱ्याने निवडलेल्या पिशव्या उघडून दाखवतात.

एक गाठ अजून सुटलेली नाही. चांगलं बेणं हवं तर कुणीतरी तुतीचा तुकडा सहा ते आठ महिने छाटायचा नाही, म्हणजे त्या तुकड्यावरच्या दोन-तीन बॅचचा पाला सोडायचा. फुकट मिळणाऱ्या फांद्यांच्या हिशेबात ही किंमत कधी धरलीच गेली नव्हती. पहिल्या शेतकऱ्याने बांधालगतच्या चार ओळी जुलैच्या छाटणीनंतर राखायची तयारी दाखवली आहे, पण त्याला काडीमागे दर हवा आहे आणि अर्धे पैसे आगाऊ. गटात यावरून दोन मतं आहेत. काकूंचं म्हणणं दर द्यावा, कारण फुकटची काडी यंदा सगळ्यांत महाग पडली. बाकीच्यांना वाटतं, स्वतःचाच चार गुंठ्यांचा बेण्याचा प्लॉट करावा. त्यासाठी जागा आहे, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरेल का यावर अडलं आहे.